युद्धपटांतली जुनी विमानं आणि ती उडवणारी माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युद्धपट बघून उठलं की कथेपेक्षा विमानांबद्दलच जास्त बोलणारे काही लोक असतात. मी त्यातलाच एक. वर्षानुवर्षं तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे.

पडद्यावर दिसतात ती विमानं खरी असतात का?

काही अस्सल, काही नव्याने बांधलेली आणि बरीचशी चक्क सोंग घेतलेली. अस्सल म्हणजे युद्धाच्या काळात कारखान्यातून बाहेर पडलेलं आणि पुढे दुरुस्त करून पुन्हा उडतं केलेलं विमान. प्रतिकृती म्हणजे जुन्या आराखड्यांवरून आज बांधलेलं. तिसरा प्रकार माझ्या खास आवडीचा. भलत्याच विमानाला रंग फासायचा, नाक-शेपूट बदलायची आणि त्याला दुसऱ्याच्या नावाने उभं करायचं. बहुरूपी आज शिपाई होतो, उद्या वकील होतो, तसंच हे.

याशिवाय धावपट्टीच्या कडेला नुसते उभे राहणारे प्लायवूडचे आणि फायबरग्लासचे सांगाडे असतात, आणि लांबवर आकाशात फुटणारी, रेडिओवर चालणारी मॉडेलंही असतात. एकाच प्रसंगात हे सगळं मिसळलेलं असतं. जवळचा शॉट अस्सल विमानाचा, मागची रांग सांगाड्यांची.

मग इतकी जर्मन मेसरश्मिट कुठून मिळतात?

बहुतेक वेळा स्पेनमधून. हा किस्सा थोडा सविस्तर सांगण्यासारखा आहे.

जर्मन मेसरश्मिट १०९ हे लढाऊ विमान स्पेनमध्ये परवान्याखाली बांधलं जायचं. महायुद्धात जर्मनीकडून इंजिनं येईनाशी झाली, तेव्हा स्पेनने शेवटी ब्रिटिश रोल्स-रॉइस मर्लिन इंजिन बसवलं. म्हणजे ज्या इंजिनावर ब्रिटिशांचं लढाऊ विमान स्पिटफायर उडायचं, त्याच घराण्यातलं. या विमानाचं नाव हिस्पानो एचए १११२, लाडाचं नाव 'बुचोन'. बुचोन म्हणजे गळा फुगवणारं कबूतर. फोटो पाहिलात तर नाव का पडलं हे सांगावं लागत नाही. मूळ जर्मन इंजिन उलटं बसवलेलं असल्यामुळे त्याच्या धुराड्यांची रांग नाकाच्या खालच्या अंगाला असते आणि वरची रेघ सपाट, उतरती जाते. मर्लिन सुलटं. त्यामुळे धुराडी वर सरकली आणि हनुवटी फुगली. पुढच्या वेळी पडद्यावर 'जर्मन' विमान दिसलं की धुराडी कुठे आहेत ते बघा. वर असतील तर समोर बुचोन आहे.

'बॅटल ऑफ ब्रिटन' (१९६९) बनत होता तेव्हा स्पेनच्या हवाई दलातून बुचोन नुकतीच निवृत्त झाली होती. त्या चित्रपटासाठी विमानं गोळा करायचं काम हॅमिश महाडी या निवृत्त ग्रुप कॅप्टनकडे होतं. जर्मन हाइंकेल बॉम्बफेकी विमानंही त्यांनी स्पेनमधूनच आणली, ती सुद्धा परवान्यावर बांधलेली आणि तीही मर्लिनवर चालणारी. थोडक्यात, त्या पडद्यावरच्या लढाईत दोन्ही बाजूंना रोल्स-रॉइसचंच इंजिन घरघरत होतं. आणखी गंमत म्हणजे मेसरश्मिट १०९ चा पहिला नमुना १९३५ साली उडाला तोही रोल्स-रॉइसच्याच केस्ट्रेल इंजिनावर. म्हणजे स्पेनने नकळत वर्तुळ पूर्ण केलं.

जपानी झीरो विमानांचं काय?

उडणारी अस्सल झीरो जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यामुळे 'तोरा! तोरा! तोरा!' (१९७०) साठी अमेरिकन सरावाची विमानं, टी-६ टेक्सन आणि बीटी-१३ व्हॅलियंट, कापून-जोडून जपानी बनवली गेली. काम इतकं चोख झालं की पुढे कित्येक चित्रपटांनी हीच विमानं वापरली. काहींनी तर विमानं न वापरता त्या चित्रपटातले तुकडेच उचलले. १९७६ च्या 'मिडवे'मध्ये ते दिसतात.

मात्र कान दगा देतात. टी-६ च्या पंख्याची टोकं आवाजाच्या वेगाच्या जवळ जातात, म्हणून ते विमान जवळून गेलं की कर्कश्श, फाडल्यासारखा आवाज येतो. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने तो बदलला नसेल, तर डोळे मिटूनही सोंग ओळखता येतं.

पहिल्या महायुद्धातली विमानं आज कशी उडवतात?

बहुतेक सगळ्या प्रतिकृतीच. कारण लाकूड-कापडाची मूळ विमानं शंभर वर्षं टिकलीच तर संग्रहालयात टांगलेली असतात. आयर्लंडमध्ये चित्रित झालेल्या 'द ब्लू मॅक्स' (१९६६) साठी फोकर, फाल्ट्झ, एसई ५ए अशा प्रतिकृतींचा ताफाच बांधला गेला, आणि पुढची काही वर्षं पहिल्या महायुद्धाचे चित्रपट त्यावरच निघाले.

इंजिनाची गोष्ट वेगळी. त्या काळच्या रोटरी इंजिनात पंख्याबरोबर अख्खं इंजिनच गरगर फिरायचं. वंगणाला एरंडेल तेल, ते वैमानिकाच्या तोंडावर उडत राहायचं. वेग कमी करायचा तर दांड्यावरचं बटण दाबून ठिणगी तोडायची आणि सोडायची. फिरत्या वजनामुळे विमान एका बाजूला झटकन वळायचं आणि दुसऱ्या बाजूला हट्टाने. प्रतिकृतींमध्ये साधारणपणे स्थिर रेडियल इंजिन असतं, कारण निर्मात्याला रोज सकाळी सुरू होणारं विमान हवं असतं. न्यूझीलंडमध्ये मात्र जुन्या पद्धतीची रोटरी इंजिनं नव्याने बांधणारी माणसं आहेत. वेडेपणा आहे, पण फार चांगल्या जातीचा.

हवेतली दृश्यं टिपतात कशी?

दुसऱ्या विमानातून. आणि ते दुसरं विमान निवडणं हेच अर्धं काम. पहिल्या महायुद्धातली विमानं ताशी दीड-पावणेदोनशे किलोमीटरने जातात, त्यांच्यासोबत हेलिकॉप्टर सहज राहतं. दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान साध्या हेलिकॉप्टरला मागे टाकतं. म्हणून 'बॅटल ऑफ ब्रिटन'साठी बी-२५ मिचेल बॉम्बफेकी विमानालाच कॅमेऱ्याचं वाहन केलं गेलं. नाकात कॅमेरा, शेपटीत कॅमेरा, पोटात कॅमेरा. पाठलाग करणाऱ्या विमानाचं तोंड हवं असेल तर शेपटीतून, पळणाऱ्याची पाठ हवी असेल तर नाकातून. गर्दीत इतर वैमानिकांना ते चटकन दिसावं म्हणून त्याला भडक रंगांचे पट्टे दिले होते. टोपणनाव पडलं 'सायकेडेलिक मॉन्स्टर'. पुढे क्ले लेसी या वैमानिकाच्या लिअरजेट या छोट्या जेट विमानातून पेरिस्कोपसारख्या भिंगांनी चित्रण सुरू झालं. आता विमानाच्या किंवा हेलिकॉप्टरच्या नाकावर थरथर झेलणारा फिरता कॅमेरा बसवतात आणि छायाचित्रकार आत पडद्यावर बघून तो चालवतो.

ढगांची वाट बघत चित्रीकरण थांबायचं, हे खरं का?

अगदी खरं. निरभ्र निळ्या आकाशात विमान कितीही जोरात जाऊ दे, पडद्यावर ते टांगून ठेवल्यासारखं दिसतं. मागे सरकायला काहीतरी लागतं. 'विंग्ज' (१९२७) चे दिग्दर्शक विल्यम वेलमन पहिल्या महायुद्धात स्वतः लढाऊ वैमानिक होते, त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी टेक्सासमध्ये अख्खं युनिट ढगांसाठी थांबवून धरलं. निर्माते चिडले, पण वेलमन हलले नाहीत. पहिलं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर त्याच चित्रपटाला मिळालं. 'हेल्स एंजल्स' (१९३०) साठी त्याचा निर्माता-दिग्दर्शक हॉवर्ड ह्यूजनेही ढगांपायी असेच दिवस घालवले.

पुलाखालून विमान नेतात ते खरंच नेतात?

'द ब्लू मॅक्स'मध्ये तरी खरंच नेलं, आणि एकदा नव्हे, तीसहून अधिक वेळा.

आयर्लंडमध्ये फर्मॉयजवळ कॅरिगाब्रिकचा रेल्वेपूल आहे. कथेत दोन जर्मन वैमानिक एकमेकांना आव्हान देत त्याखालून जातात, आधी रुंद कमानीतून, मग अरुंद. दोघांच्याही जागी विमान उडवणारा माणूस एकच होता, डेरेक पिगट. रुंद कमानीतून त्यांनी १५ फेऱ्या मारल्या आणि अरुंद कमानीतून १७. अरुंद कमानीत तीन पंखी फोकरच्या दोन्ही टोकांना जेमतेम चार-चार फूट जागा उरत होती.

पिगट हे ग्लायडर शिकवणारे, हिशेबी गृहस्थ. त्यांनी पंखांच्या टोकांकडे बघायचंच नाही असं ठरवलं. नदीत एक खांब रोवला, पलीकडच्या काठावर दुसरा. कॉकपिटमधून दोन्ही खांब एकामागे एक, एका रेषेत दिसले की विमान कमानीच्या बरोबर मध्ये. बाकी पूल, दगड, पाणी यांच्याकडे लक्ष द्यायचंच नाही. सुईत दोरा ओवताना आपण सुईकडे न बघता नेढ्याकडेच बघतो, तसं.

मला यात सगळ्यात आवडतात त्या मेंढ्या. विमान खरं आहे, मॉडेल नाही, हे प्रेक्षकाला पटावं म्हणून पुलाजवळ मेंढरांचा कळप ठेवला होता. डोक्यावरून विमान गेलं की ती उधळणार, असा बेत. पहिल्या काही फेऱ्यांना ती उधळलीही. मग त्यांना सवय झाली. फोकर घोंघावत कमानीतून जातंय आणि मेंढ्या मान खाली घालून चरतायत. शेवटी त्यांना पळवायला मेंढपाळाला लागावं लागलं. अशा कामाचं याहून चांगलं प्रशस्तिपत्र मला सुचत नाही. सतराव्या वेळीही पहिल्या वेळेसारखंच, इतकं की मेंढीलासुद्धा कंटाळा यावा.

दूरदर्शन मालिकेसाठी असंच काम रे हॅना यांनी केलं. १९८८ च्या 'पीस ऑफ केक'मध्ये इंग्लंडमधल्या विन्स्टनच्या दगडी पुलाखालून त्यांनी स्पिटफायर नेलं. हॅना पूर्वी ब्रिटिश हवाई दलाच्या रेड ॲरोज या हवाई कसरतींच्या पथकाचे प्रमुख होते.

बंदुका खऱ्या चालवतात का?

नाही. पंखातल्या नळीत ज्वलनशील वायू आणि प्राणवायू यांचं मिश्रण सोडून ठिणगी पाडतात. जाळ दिसतो, धडधड होते, गोळी नसते. 'पेटलेल्या' विमानाचा धूर म्हणजे तापलेल्या धुराड्यात सोडलेलं तेल. वैमानिक बटण सोडतो आणि पेटलेलं विमान हसतखेळत जेवायला परत येतं.

पंखा उलटा फिरताना का दिसतो?

कॅमेरा सेकंदाला २४ चित्रं घेतो. दोन चित्रांमध्ये पाती किती पुढे सरकली यावर पंखा थांबलेला, सुलटा किंवा उलटा भासतो. बैलगाडीच्या चाकाचंही पडद्यावर असंच होतं.

विमान कोसळतं ते दृश्य कसं करतात?

आज मॉडेल, सांगाडा आणि संगणक मिळून ते करतात. पूर्वी माणूस करायचा. डिक ग्रेस हा त्यातला नामांकित. विमान कसं मोडायचं याचा त्याने शास्त्रासारखा अभ्यास केला होता. सांगाडा कुठे बळकट करायचा, कुठला दांडा आधीच अर्धवट कापून ठेवायचा, कुठली जमीन भुसभुशीत करायची, सगळं आधी ठरलेलं. तरी 'विंग्ज'च्या वेळी त्याची मान मोडलीच.

पॉल मँट्झ या स्टंट वैमानिकाची गोष्ट वेगळ्या वळणाची. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये त्याने सरकारी लिलावात सुमारे ४७५ विमानं ५५ हजार डॉलरला घेतली. टाक्यांतलं उरलेलं पेट्रोल विकूनच बरेचसे पैसे वसूल केले असं सांगतात. 'ट्वेल्व्ह ओ'क्लॉक हाय' (१९४९) साठी त्याने चार इंजिनांचं बी-१७ विमान, शेजारी सहवैमानिक न घेता, चाकं न उघडता पोटावर उतरवलं आणि तंबू उडवत नेलं. ते दृश्य आजही बघवतं, कारण त्यात वजन दिसतं. तेवढं धूड घसरताना कसं वागतं हे त्या एका टेकमध्ये कळतं.

कधी कधी अपघातच चित्रपटाच्या कामी येतो. 'तोरा! तोरा! तोरा!'च्या वेळी एका बी-१७ चं एक चाक बाहेरच येईना. ते एका चाकावर उतरलं, कॅमेरे चालू होते आणि ते चित्रण चित्रपटात आहे. 'मेम्फिस बेल'च्या वेळी, जुलै १९८९ मध्ये, इंग्लंडमधल्या बिनब्रुक तळावर एक बी-१७ उड्डाण करतानाच कोसळून जळालं. आतले दहाही जण वाचले. एरवी हे विमान फ्रान्समध्ये नकाशे बनवण्याच्या कामावर होतं.

नट स्वतः उडवतात का?

क्वचित. 'विंग्ज'मध्ये रिचर्ड आर्लनला विमान येत होतं, चार्ल्स 'बडी' रॉजर्स चित्रीकरणाच्या काळात शिकला. नटासमोर मोटरवर चालणारा कॅमेरा बसवलेला असे. वर गेल्यावर नटानेच तो चालू करायचा आणि त्यातच अभिनयही करायचा. आज दोन आसनांचं विमान वापरतात. 'डंकर्क' (२०१७) साठी रशियन याक-५२ ला स्पिटफायरचं रूप दिलं होतं, म्हणजे एका आसनावर नट आणि दुसऱ्यावर वैमानिक. चेहऱ्यावरचा ताण खरा येतो. अंगावर भार आला की गाल खाली ओढले जातात, ते अभिनयाने जमत नाही.

या कामात किती माणसं गेली?

फार. आणि बहुतेक वेळा सगळ्यात धाडसी कसरत करताना नव्हे. २ जानेवारी १९३० रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याबाहेर दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळली आणि दिग्दर्शक केनेथ हॉक्स यांच्यासह दहा जण गेले. ती दोन्ही चित्रीकरणाचीच विमानं होती. 'कॅच-२२' च्या वेळी, १९६९ मध्ये, जॉन जॉर्डन बी-२५ मधून चित्रण करताना खाली पडले. पट्टा बांधलेला नव्हता. त्याआधी काही वर्षांपूर्वी हेलिकॉप्टरचं पातं लागून त्यांचा पाय गेला होता, तरी माणूस कॅमेरा सोडत नव्हता. १९७० मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर 'झेपेलिन'च्या चित्रणात एसई ५ए ची प्रतिकृती कॅमेऱ्याच्या हेलिकॉप्टरला धडकली. त्यात स्कीट्स केली गेले, 'बॅटल ऑफ ब्रिटन'चं आकाश टिपणारे. १९८५ मध्ये 'टॉप गन'साठी मुद्दाम गिरकी घेत चित्रण करताना आर्ट शोल यांचं विमान समुद्रात गेलं. ना ते सापडलं, ना विमान.

आणि पॉल मँट्झ? ८ जुलै १९६५ रोजी 'द फ्लाइट ऑफ द फीनिक्स'साठी वाळवंटात विमान जमिनीला टेकवून पुन्हा वर न्यायचं होतं. दुसऱ्या टेकला विमान मोडलं आणि मँट्झ गेला.

ही यादी नीट वाचली तर एक गोष्ट दिसते. कॅमेऱ्याचं विमान, पुन्हा एकदा घेऊ म्हणून केलेला टेक, न बांधलेला पट्टा. पुलाखालून जाणारा वाचतो, कारण तो सगळं मोजून गेलेला असतो.

मग नकार देता येतो का?

देता आला पाहिजे. 'हेल्स एंजल्स'च्या वेळी ह्यूजला एक सूर फार खालपर्यंत मारून हवा होता. स्टंट वैमानिकांनी सांगितलं, एवढ्या उंचीवरून विमान वर येणार नाही. ह्यूजने हट्टाने स्वतः नेलं. विमान वर आलं नाही. तो जखमी झाला, कवटीला मार बसला. वैमानिकांचा हिशेब बरोबर होता.

उड्डाणाआधी नेमकं काय ठरतं?

सकाळी धावपट्टीवर मोठी माणसं हातात लाकडी विमानं घेऊन चालताना दिसली तर हसू नका. 'मी इथून येतो, तू डावीकडे वाकतोस, कॅमेरा खाली.' पावलं टाकत अख्खं दृश्य जमिनीवर एकदा करून बघतात. किमान उंची ठरते, परतण्याइतकं पेट्रोल कुठे संपतं ते ठरतं. कुणालाही दुसरं विमान दिसेनासं झालं तर त्याने लगेच सांगायचं आणि ठरलेल्या दिशेने बाहेर पडायचं. थांबा म्हणायचा हक्क प्रत्येकाला, सगळ्यात नवख्यालाही.

कायद्याचंही बंधन असतं. अमेरिकेत दीड हजार फुटांखाली हवाई कसरती करायला बंदी आहे. चित्रपटासाठी हवाई वाहतूक प्रशासनाकडून खास सूट घ्यावी लागते आणि त्यासाठी कामाची पद्धत लेखी द्यावी लागते.

संगणकावर सगळं होत असताना हा खटाटोप कशाला?

शेकडो विमानांची फळी हवी असेल तर संगणकच हवा, त्यात वाद नाही. माझी तक्रार एवढीच की संगणकातली विमानं फार आज्ञाधारक असतात. खरं विमान पुढच्याच्या वाऱ्यात शिरलं की हिसका खातं, वळताना वेग गमावतं, ऊन अंगावरून सरकताना पत्र्याचे पोचे दाखवतं. वैमानिक सारखा बारीक-बारीक दुरुस्त्या करत असतो. ती अस्वस्थता प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण कळते.

हे काम करायचं असेल तर कुठून सुरुवात करायची?

शेपटीला चाक असलेल्या विमानावर भरपूर तास, कसरतींचं शिक्षण आणि सर्वांत जास्त म्हणजे जोडीने उडण्याचा सराव. जमिनीवर उभ्या स्पिटफायरमधून वैमानिकाला नाकापुढचं काहीच दिसत नाही, तो नागमोडी चालवत नेतो. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. बुचोनची चाकं तर एकमेकांच्या फार जवळ, उतरताना जरा दुर्लक्ष झालं की ते गर्रकन फिरतं.

चित्रपट संपल्यावर ही विमानं कुठे जातात?

'तोरा'ची सोंगाडी विमानं अमेरिकेतल्या हवाई प्रदर्शनांत गेली. तिथे ती आजही पर्ल हार्बरचा हल्ला करून दाखवतात. 'बॅटल ऑफ ब्रिटन'मधल्या काही बुचोननी वैमानिकाचा पगार भागवला. कॉनी एडवर्ड्स या टेक्सासच्या वैमानिकाने मोबदल्यात पैशांऐवजी विमानं घेतली आणि ती कितीतरी वर्षं आपल्या गुरांच्या रँचवरच्या हँगरमध्ये ठेवून दिली. २०१४ च्या सुमारास ती विकली गेली, तेव्हा काहींवर चित्रपटाचा रंग तसाच होता.

बाकीची बुचोन कामावरच आहेत. 'डंकर्क'मध्ये स्पिटफायरच्या मागे लागलेलं ते जर्मन विमान आठवतंय ना? त्याची धुराडी वरच्या अंगाला आहेत.